'डा' म्हणजे कोणती बाजू

दुसरबीडला हमरस्त्याला लागून आमचं दुकान आहे. पुढे पत्र्याचं शेड, मागे राहतं घर, आणि शेडच्या मधोमध लेथ, म्हणजे लोखंड फिरवत कापायचं यंत्र. लेथ मी चालवते. हे आधीच सांगून टाकते, कारण दुकानात शिरणारा प्रत्येक नवा माणूस आधी माझ्याकडे बघतो, मग माझ्या पाठीमागे बघतो, आणि विचारतो, "मिस्तरी कुठं गेले?" पंचवीस वर्षं झाली, प्रश्न तोच. पूर्वी मी चिडायची. आता म्हणते, "लेथचं काम असेल तर मला दाखवा," आणि तो ओशाळून पिशवीतली तुटकी वस्तू बाहेर काढतो.

मिस्तरी म्हणजे माझे यजमान. सगळं गाव त्यांना मिस्तरी म्हणतं, आणि दुकानात मीही तेच म्हणते. लग्नाआधी ते ट्रकवर क्लीनर होते, मग फिटर झाले. चौथीनंतर शाळेनं त्यांना सोडलं की त्यांनी शाळेला, यावर अजून दोन मतं आहेत. पण गाडीखाली आडवे झाले की नुसत्या आवाजावरून आतल्या बेअरिंगची तब्येत सांगतात. खोलणं-बसवणं त्यांचं, कापणं-घासणं-मापणं माझं, अशी आमची वाटणी आहे.

मी जळगाव जामोदची. बाबा एसटीच्या डेपोत हेल्पर होते. दहावी झाल्यावर त्यांनी मला आयटीआयला टर्नरच्या वर्गात घातलं. वर्गात मुलगी मी एकटीच. नातेवाईक म्हणाले, पोरीला शिवणकाम शिकव. बाबा म्हणाले, "शिवनं तिले येतेच." झालं, विषय संपला. दसऱ्याला रस्त्यावरची बाकीची दुकानं यंत्रांना हार घालतात. आम्ही त्या दिवशी पांढरे कपडे घालून विहारात जाऊन येतो आणि आल्यावर लेथचं ऑइल बदलतो. बाबांना ते फार आवडायचं. हारापेक्षा ऑइल लेथला जास्त लागतं, असं म्हणायचे.

आता आमच्या बोलण्याचं सांगते, कारण पुढची सगळी गंमत त्यातच आहे. दुसरबीडकडं जालन्याचं वारं, इथं 'मला-तुला' चालतं. माझ्या माहेरी 'मले-तुले'. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, नवऱ्याच्या गावी त्यांच्यासारखं बोलावं. मी 'मला' उचललं. आणि मिस्तरींना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी माझं 'मले' उचललं. आज परिस्थिती अशी आहे की सासुरवाडीचं बोलणारा जावई म्हणून गाव त्यांची टर उडवतं, आणि माहेरी गेले की मला विचारतात, काऊन वं, आमच्यासारखं बोलाले लाज वाटते काय?

एका शब्दावर मात्र दोघंही अडून बसलो होतो. मला आयटीआयत शिकवलेलं, गाडीत पुढं तोंड करून बसल्यावर जी डावी ती डावी बाजू आणि जी उजवी ती उजवी. मिस्तरींच्या तोंडात ट्रकची भाषा. चालक बसतो ती 'डायवर साईड', दुसरी 'किलनर साईड'. "अहो, ड्रायव्हर म्हणावं," मी हजारदा सांगितलं, "आणि त्यापेक्षा उजवी म्हणा ना सरळ."

"तू गाडीच्या समोर उभी राह्यली की तुयी उजवी येगळी अन् गाडीची उजवी येगळी," ते म्हणायचे. "डायवर मातर कुठूनबी पाह्यला तरी डायवरच्याच जागी बसते."

मग मी पुन्हा त्यांच्या उच्चारावर घसरायची.

दोन वर्षांपूर्वी, तुरीच्या सोंगणीच्या दिवसांत, देऊळघाटचे डॉक्टर आले. हे जनावरांचे डॉक्टर. नोकरीत असताना काही वर्षं आमच्याच गावच्या दवाखान्यात होते, आणि तिथल्या, जनावरं अडकवून धरायच्या खोड्याचे बोल्ट मी करून दिले होते. बैल लाथ मारून दमले पण बोल्ट वाकले नाहीत, हे डॉक्टरांनी लक्षात ठेवलं होतं. आता ते निवृत्त. त्यांच्यामागून एक पिकअप आली, आणि पिकअपच्या पाठीवर दोऱ्यांनी करकचून बांधलेली ती गाडी.

तशी गाडी मी त्याआधी फक्त चित्रात पाहिली होती. विलायती, दोनच माणसांची, वर टप नाही, बसायला जमिनीपासून वीतभर उंची, सायकलसारखी तारांची चाकं. रंग कडुलिंबाच्या पाल्याचा. डॉक्टरांना ती फार वर्षांपूर्वी खामगावच्या एका जिनिंगवाल्यांच्या गोदामात सापडली होती, सरकीच्या पोत्यांमागे. त्यांनी ती घेतली, जुळवली, चालू केली. पण खरं सांगायचं तर ती चालवायच्या त्यांच्या बायकोच. त्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या, सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणतात. रविवारी डोक्याला रुमाल बांधून मोठ्या बाई गाडी काढत आणि डॉक्टर शेजारी बसून दारातून हात बाहेर काढून लोकांना नमस्कार करत. पंचक्रोशीत हे सगळ्यांना माहीत होतं.

"राजूरच्या घाटात मागचं चाक डगमगलं," डॉक्टर म्हणाले. "गाडी बाईंच्या हातात होती. कठड्याला घासून थांबली, म्हणून वाचलो. एक्सलला तडा गेलाय. त्या दिवसापासून बाईंनी स्टेअरिंगला हात लावलेला नाही. म्हणतात, विकून टाका."

मग त्यांनी सगळं सांगितलं. संभाजीनगरचा एक हौशी माणूस जुन्या गाड्या गोळा करतो, तो महिन्याच्या शेवटच्या रविवारी बघायला येणार होता. त्याआधी मागचे दोन्ही एक्सल आणि हब बदलून गाडी धड झाली, तर डॉक्टर त्याला नाही म्हणणार होते. नाही झाली तर गाडी जाणार. नवे एक्सल आणि हब त्यांनी विलायतेतून मागवले होते, ते दोन खोक्यांत घेऊनच आले होते. पण एका मोठ्या शहरातल्या गॅरेजनं तीन दिवस खटपट करून हात टेकले होते, कारण जुने हब एक्सलवरून निघतच नव्हते. ते म्हणाले, कापावे लागतील, आणि कापताना मागचं काही दुखावलं तर आम्ही जबाबदार नाही.

"ताई, गाडी गेली तर जाऊ दे," डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, मिस्तरींकडे नाही. "पण बाई पुन्हा कधी चालवायला बसणार नाहीत, हे मला सोसत नाही."

मी हो म्हटलं. मिस्तरींनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे आता माघार नाही.

हब म्हणजे चाक ज्यावर बसतं तो तुकडा. एक्सलचं टोक निमुळतं असतं, त्यावर हब घट्ट दाबून बसवलेला असतो आणि वरून नट. पन्नास-साठ वर्षं एकमेकांना धरून बसल्यावर ते दोघं सहजासहजी सुटत नाहीत. ठोकून निघत नाही, तापवून निघत नाही. ओढायला पुलर लागतो, आणि पुलरनं धरायचं कुठं हाच प्रश्न. मी अर्धा दिवस नुसती स्टूल टाकून त्या हबकडे बघत बसले. समोरचा पंक्चरवाला चहाचा पेला घेऊन आला, म्हणाला, "वहिनी, नजरेनं निघते काय?"

निघालं ते नजरेनंच. तारांच्या चाकाला चार-पाच नट नसतात. हबच्या तोंडावर मोठे आटे असतात आणि मधोमध दोन कानांचा एकच मोठा नट हातोडीनं ठोकून आवळायचा. मला वाटलं, या आट्यांवरच एक जाड टोपी चढवली आणि टोपीच्या मधून स्क्रू घातला, तर संपूर्ण हब सारख्या जोरानं ओढला जाईल. पण त्यात एक अडचण होती. चाक फिरता फिरता नट सुटू नये म्हणून या गाडीच्या डाव्या बाजूचे आटे नेहमीसारखे सुलटे आणि उजव्या बाजूचे उलटे, उलट फिरवल्यावर आवळणारे. म्हणजे टोप्या दोन कराव्या लागणार, आणि एकीच्या आत उलटे आटे कापावे लागणार.

ट्रॅक्टरच्या मोडक्या एक्सलचा जाड तुकडा भंगारातून काढला. सुलट्या आट्यांची टोपी एका दिवसात झाली. उलट्याला तीन दिवस लागले. आतल्या बाजूनं उलटे आटे कापताना हत्यार दिसत नाही, हाताला जाणवतं तेवढंच. पहिला तुकडा मी वाया घालवला. दुसऱ्या वेळी श्वास रोखून, एका वेळी केसाएवढं कापत, इंचाला आठ आटे उतरवले. मग टोपी हबवर लावून बोटांनी फिरवली. अडली नाही, हलली नाही, सरसर चढत शेवटपर्यंत गेली. आयटीआयतल्या माझ्या मास्तरांनी ते बघायला हवं होतं. मी स्वतःच स्वतःला शाबास म्हटलं, मोठ्यानं.

टोप्या मी लावल्या. मिस्तरींनी स्क्रूला पाना लावला, पान्याला सहा फुटी पाईप लावला, आणि दोन्ही पाय रोवून लोंबकळले. काही नाही. थोडं ताणून ठेवलं, स्क्रूच्या डोक्यावर घण मारला, पुन्हा ताणलं. दुपारपर्यंत चाललं. पाईप वाकला. मिस्तरी म्हणाले, "टोपीचे आटे पाह्य, घसरले असतीन." मी म्हटलं, "पाईप बदला. आटे घसरणार नाहीत."

मग एकदम असा आवाज झाला की पंक्चरवाला दुकान टाकून पळत आला. त्याला वाटलं टायर फुटलं. हब सुटला होता. तासाभरानं दुसराही सुटला. माझ्या टोपीचा एकही आटा दुखावला नव्हता. मिस्तरींनी खांद्यावरच्या रुमालानं दोन्ही टोप्या पुसल्या आणि शेडच्या दर्शनी खिळ्याला अडकवल्या. मोठ्या शहरात तीन दिवसांत जे झालं नाही, ते आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये झालं होतं. मी त्या दिवशी रस्त्यानं चालताना मान जरा वरच ठेवली, आणि का ठेवू नये?

नवे एक्सल आणि हब दोन वेगवेगळ्या कारखान्यांचे होते, त्यामुळे एकमेकांवर तंतोतंत बसत नव्हते. मी प्रत्येक हब त्याच्या एक्सलवर पेस्ट लावून हातानं फिरवत घासला, निळा रंग लावून कुठं टेकतंय ते बघितलं, परत घासला. सगळीकडे सारखा टेकेपर्यंत. अशा दोन जोड्या तयार झाल्या. दोन्ही एक्सल सारख्याच लांबीचे, त्यामुळे जोडी कोणत्या बाजूची हे फक्त हबच्या आट्यांवरून ठरणार. मी उलट्या आट्यांच्या हबवर पिवळ्या रंगानं खूण केली. आमच्याकडे जोडीतल्या एकालाच खूण करतात. एक कळला की दुसरा आपोआप कळतो.

खूण केली ती अशी: 'डा'.

दुसऱ्या दिवशी जळगाव जामोदला माझ्या भाचीचा साखरपुडा होता. डॉक्टर शुक्रवारी चाचणीला येणार होते, रविवारी तो संभाजीनगरवाला. मिस्तरी म्हणाले, "तू जाय. बसवाचं तर माया कामच आहे. तुले कायची काळजी?" मी गेले. साखरपुड्यात मी सगळ्यांना टोपीची गोष्ट सांगितली, दोनदा. मावशी म्हणाली, पोरीच्या अंगठीपेक्षा हिच्या टोपीचंच कौतुक चाललंय.

शुक्रवारी दुपारी बसमधून उतरले तर दुकानापुढे ही गर्दी. मधोमध हिरवी गाडी, जॅकवर. डॉक्टर खुर्चीत, हात गुडघ्यांवर. मिस्तरी गाडीशेजारी उकिडवे, माझ्याकडे बघेनात. पंक्चरवाल्यानंच सांगितलं. चाचणीला दोघं निघाले, पुढच्या गावापर्यंत गेले, तोच मागून कट-कट असा आवाज. थांबून पाहतात तर डाव्या चाकाचा मोठा नट हातानं फिरावा इतका सैल. आणखी थोडं गेले असते तर चाक निघून शेतात गेलं असतं.

गर्दीतला एकजण, त्याचं काही काम नव्हतं तिथं, म्हणाला, "कंपनीचा माल हातानं घासते काय कोनी? बाईच्या हातचं काम, अजून काय होणार."

मी बॅग खाली ठेवली. साखरपुड्याची साडी होती अंगावर, नवी. पदर खोचला आणि म्हटलं, "चाक काढा."

चाक काढलं. मी हब दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवला, आत-बाहेर हलवला. मग त्या माणसाला बोलावलं. "या, तुम्ही हलवा." त्यानं हलवला. "जोरात हलवा, बाईच्या हातचं आहे." हब तसूभरही हलला नाही. एक्सलवर हब दगडासारखा बसला होता. "म्हणजे घासणं बरोबर आहे," मी मोठ्यानं म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "सुटला तो चाकाचा नट. घासण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही." तो माणूस मग चहा प्यायला निघून गेला.

पण नट का सुटला? तेव्हा मी आट्यांवर बोट फिरवलं. उलटे आटे. डाव्या बाजूला उलटे आटे. मी पुढच्या चाकाकडे गेले. पुढच्या चाकांना आम्ही हातच लावला नव्हता, ती जशी होती तशी होती. पुढच्या डाव्या चाकाचा नट सुलटा. पुढच्या उजव्याचा उलटा. म्हणजे मागच्या जोड्या बाजू बदलून बसल्या होत्या, आणि चाक जितकं फिरेल तितका नट स्वतःहून सुटत होता.

"मिस्तरी," मी म्हटलं, "खूण कोणती होती?"

"डा."

"मग?"

"मंग डाव्या बाजूले बसवला."

"अहो, डा म्हणजे डायवर! डायवर साईड!"

मिस्तरी उठून उभे राहिले. रागावले की ते आधी उभे राहतात. "तू अन् डायवर लिवशील?" ते म्हणाले. "तुले डायवर म्हनाचं असतं तर तू 'ड्रा' लिवली असती. पंचवीस वर्सं झाली, ड्रायव्हर म्हना, ड्रायव्हर म्हना, करून राह्यली. 'डा' पाह्यला अन् म्या म्हटलं, हे आपल्या मॅडमचं डावी-उजवी आहे. डावी."

"मी तुमच्यासाठी लिहिलं होतं. तुम्हाला लगेच समजावं म्हणून तुमच्या तोंडचं लिहिलं."

"अन् म्या तुयं समजून वाचलं."

"आणि उलटे आटे डावीकडं आले तरी तुम्हाला काही वाटलं नाही?"

"कायले वाटते? जुन्या ट्रकले, जीपले किलनर साईडचे नट उलटेच असते. मले वाटलं, बरोबर आहे, हेबी तशीच."

मग डॉक्टर हसायला लागले. आधी खुर्चीत, मग खुर्ची धरून. "म्हणजे," ते डोळे पुसत म्हणाले, "तिनं तुमचा शब्द लिहिला आणि तुम्ही तिचा वाचला? आपापलं धरून बसला असता तर चाक जागेवर राहिलं असतं की हो!" पंक्चरवाला हसला, मग सगळेच हसले. मिस्तरी खाली बघत होते, पण त्यांच्याही मिशा हलत होत्या. मला मात्र हसू आलं नाही लगेच. हा माणूस पंचवीस वर्षं माझं ऐकत नाही असं मी सगळ्यांना सांगत आले होते, आणि त्यानं माझं एवढं ऐकून ठेवलं होतं. मला त्यांचा राग येत होता, आणि त्याहून जास्त अभिमान वाटत होता. दोन्ही एकदम वाटणं कठीण असतं, तरी वाटत होतं.

"चला," मी म्हटलं, "टोप्या काढा खिळ्यावरून."

हब काढल्याशिवाय मागचे बोल्ट दिसत नाहीत आणि बोल्ट काढल्याशिवाय एक्सल निघत नाही. तेव्हा सगळं पुन्हा. पण जुन्या हबनी अख्खा दिवस खाल्ला होता. हे दोन्ही मिळून वीस मिनिटांत उतरले. नव्या आट्यांना ओरखडाही नाही. एक्सलची जोडी हबसकट इकडची तिकडे केली, कारण जो हब ज्या एक्सलवर घासलाय त्यानं त्याच्याशीच राहायचं. दिवे लागायच्या आत गाडी चारही चाकांवर उभी होती.

जोड्या बसवण्याआधीच मी अक्षरांचे खिळे काढले होते, लोखंडावर अक्षर उमटवायचे. मिस्तरी म्हणाले, "मी ठोकतो." उजव्या बाजूच्या हबवर त्यांनी 'उजवी' ठोकलं, एकेक अक्षर मला विचारून. मग मी त्यांच्या हातून हातोडी घेतली आणि खाली 'डायवर' ठोकलं. 'ड्रा' नाही. डावीवर 'डावी' आणि 'किलनर'. आता कुणीही वाचावं, कोणत्याही गावच्यानं. "हे मी घरी सांगणार," डॉक्टर म्हणाले, "शब्दाला शब्द." मग चारही नटांवर आणि हबांवर मिळून मी पिवळ्या रंगाची एकेक सरळ रेघ ओढली. नट हलला तर रेघ तुटेल, लांबूनही दिसेल.

शनिवारी सकाळी पुन्हा चाचणी. गाडीत जागा दोनच. डॉक्टर चालवणार, शेजारी कोण? मिस्तरी म्हणाले, "ती बसन. काम तिचं आहे." आणि स्वतः मोटरसायकलवर मागून निघाले, मागच्या चाकांकडे बघत. मी तोपर्यंत आयुष्यात इतक्या खालून रस्ता पाहिला नव्हता. तुरीच्या पेंढ्यांनी भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली शेजारून गेली तर डोंगर गेल्यासारखं वाटलं. कालचा तो माणूस टपरीवर उभा होता. मी त्याला हात केला, चांगला लांबून, सावकाश. सिंदखेडराजापर्यंत जाऊन आलो. उतरून पाहिलं, चारही रेघा सरळ. मिस्तरींनी मोटरसायकल लावली आणि नुसतं म्हणाले, "झालं." त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठं सर्टिफिकेट मिळत नाही.

डॉक्टर चिखलीमार्गे गाडी चालवत घरी गेले. जाताना म्हणाले, "रविवारच्या माणसाला मी नाही म्हणेन. पण खरा नकार बाई देतील तेव्हाच." मी म्हटलं, त्यांना रेघा दाखवा. एवढंच सांगता आलं. गाडी धड होती, हे मला माहीत होतं. पण ज्या हातांत ती डगमगली त्या हातांना ते कसं पटवायचं, हे काही लेथवर होणारं काम नव्हतं.

रविवार गेला. सोमवार, मंगळवार गेला. फोन नाही. मी रोज म्हणायची, विकली असेल. मिस्तरी म्हणायचे, "काऊन घाई करतं? ज्याची गाडी, त्याले पाहू दे." पण दुपारी जेवताना तेही मोबाईल ताटाशेजारी ठेवायला लागले होते.

पुढच्या रविवारी मी ट्रॉलीच्या पिना कापत होते, तेव्हा वाजला. मिस्तरींनी उचलला, ऐकलं, आणि माझ्या कानाला लावला, कारण माझे हात तेलानं भरले होते. मोठ्या बाईंचा आवाज होता. मी त्यांना कधी भेटले नव्हते, पण तो आवाज शाळेचाच होता, स्वच्छ आणि मोठा.

"ताई, राजूरचा घाट उतरलो, मोताळ्यापर्यंत गेलो आणि परत चढून आलो. मी स्वतः वाकून पाहिलं. चारही रेघा सरळ आहेत."

मिस्तरींनी लेथ बंद केला. मग मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "उतारावर डॉक्टरांनी हळू घेतली ना?"

पलीकडे मोठ्या बाई हसल्या.

"डॉक्टर किलनर साईडला बसले होते," त्या म्हणाल्या.